बाईच्या म्हशीचं यकृत

नागपूरला मी एम.एस्सी.साठी ज्या विषयावर काम करत होतो, त्याचं नाव मायला सांगायची सोय नव्हती. जनावरांच्या शरीरातले परजीवी कृमी आणि त्यांच्यातल्या अमिनो आम्लांचा चयापचय. मराठीत याला असं म्हणतात हेसुद्धा मला पुष्कळ उशिरा कळलं, तेव्हा सगळा कारभार इंग्रजीतच होता. सुटीत गावी गेलो की माणसं विचारायची, तू शिकतोस तरी काय? मी म्हणायचो, ढोराच्या पोटातले किडे. माय कपाळाला हात लावायची. "त्याच्यासाठी नागपूरले जा लागते? आपल्या इथं का किडे कमी हायेत?"

छपरीत बसलेले सगळे हसायचे आणि मीही हसायचो. मायचं म्हणणं अगदी खरं होतं. नवेगाव बांधच्या तळ्याकाठच्या आमच्या गावात किडे मुळीच कमी नव्हते. माझ्या सरांनी मला हा विषय दिला तोसुद्धा त्याच कारणानं. तुमच्या भागात तळी फार, म्हणजे यकृतातला तो चपटा किडा फार, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. माझ्या गावाबद्दल कुणीतरी शास्त्रीय भाषेत बोलतंय याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

वडील मी शाळेत असतानाच गेले होते. धानाची शेती भाऊ बघायचा. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्यानंतरची बहीण, तिला आम्ही बाई म्हणायचो. आमच्याकडच्या बाया पुरुषांसारखंच येतो-जातो म्हणतात, तशीच तीही बोलायची. बाईचं लग्न होऊन पुरती नांदायला लागते न लागते तोच नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि सोबत म्हशीची एक लहानशी वगार दिली. दिली म्हणजे, नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीचं नाव तिनं काढू नये म्हणून दिली. बाईनं नाव काढलंही नाही. ती वगार तिनं वाढवली, तिची म्हैस झाली, म्हैस व्याली आणि बाईनं जंगल खात्याच्या क्वार्टरांत दुधाचा रतीब लावला.

एवढ्यानं तिच्या आयुष्यात किती फरक पडला हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. तिचं लुगडं ती घ्यायची. तिचं मीठ-मिरची ती आणायची. मायला बाजारातून पान-सुपारी आणायची ती बाईच. वहिनी तिला बोलताना जरा सांभाळून बोलायची. बाई रोज दूध घालून परत यायची तेव्हा तिची चालच वेगळी असायची, मान वर, पाय झपाझप. मला ती चाल फार आवडायची.

भाऊ वाईट माणूस नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाचाही तसा समज होईल. जवान विधवा बहीण घरात म्हणजे गावाची तोंडं, आणि ती त्यालाच ऐकावी लागत. दरेकशाच्या डोंगराकडच्या एका बिजवराचं बोलणं त्याच्याकडे आलं होतं. माणूस उतारवयाचा, मुलं मोठी, सुना आलेल्या, जमीन आणि ढोरं भरपूर. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लाज नाही. बाई मात्र नाही म्हणाली. भाऊ चिडला, वहिनी रुसली, माय दोघांच्या मध्ये रडत बसली. शेवटी भाऊनं आंगणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बरं, नाई त नाई. जोवर तू आपलं आपून करून खाऊन राहिली, तोवर मी नाव काढत नाई. ज्या दिवशी माह्या ताटात जेवशीन, त्या दिवशी माहं आयकशीन."

बाई बरं म्हणाली. त्या दिवसापासून तिचा सगळा नकार म्हशीच्या चार पायांवर उभा होता.

तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्याच्या आदल्या वर्षीची ही दिवाळी. मी घरी पोचलो, गोठ्यात डोकावलो, आणि म्हशीकडे पाहताच तिच्याजवळ गेलो. तिच्या जबड्याखाली सूज होती, पाणी भरलेल्या पिशवीसारखी. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. असं चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. डोळ्यांची आतली कड पांढरी पडलेली, शेण पातळ. बाई म्हणाली, दूध उतरलं आहे, पण आता मी तिला चांगलं खायला घालते आहे, होईल नीट.

चांगलं म्हणजे काय हे सांगायला हवं. धान निघायच्या सुमाराला तळ्याचं पाणी मागे हटायला लागतं आणि मोकळ्या झालेल्या काठावर कोवळं गवत येतं. बाकी रान वाळत असतं आणि तो पट्टा हिरवागार. धडधाकट ढोरांना धानाची तणीस, म्हणजे वाळका पेंढा, आणि आजारी, व्यालेल्या, थकलेल्या ढोराला काठचं ओलं गवत, ही आमच्याकडची रीत. आजारी माणसाला जशी पेज, तसं ढोराला हे गवत. बाया सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून विळ्यानं ते कापतात आणि भारा डोक्यावर घेऊन येतात तेव्हा त्यांच्या पाठीवरून पाणी निथळत असतं. ज्या घरात ढोरांवर जास्त माया, त्या घरात हे गवत जास्त येतं. बाईच्या म्हशीला तर आदल्या वर्षीपासून, व्याली तेव्हापासून, रोज तेच.

मी भाऱ्यातली एक काडी उचलली. तिच्या बुडाशी एक बारीकशी गोगलगाय चिकटलेली होती. मी तिथंच बसलो आणि बाईला सगळं सांगितलं. किड्याची अंडी शेणातून पाण्यात पडतात. त्यातून निघालेला जीव या गोगलगायीत शिरतो, तिच्या अंगात वाढतो, बाहेर पडतो आणि गवताच्या काडीवर डोळ्यांना न दिसणारी गाठ करून बसतो. म्हैस गवत खाते आणि किडा तिच्या यकृतात जाऊन राहतो. मी हे फार छान समजावून सांगितलं. वर्गात सांगावं तसं.

बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मीच चारलो तिले."

"तुला काय माहीत होतं बाई? सगळं गाव चारतं."

"मी रोज चारलो." ती उठली, सगळा भारा उचलून उकिरड्यावर टाकून आली आणि गोठ्याच्या दारात पाठमोरी उभी राहिली.

भाऊनं हे ऐकलं आणि तो मला म्हणाला, "अख्खं गाव थेच गवत चारते. मंग सगळ्यायच्या म्हशी काऊन नाई मेल्या?" माझ्याकडे उत्तर होतं. कुणाच्या अंगात किडे कमी जातात, कुणाचं ढोर दाण्यावर असल्यानं तगून राहतं, आणि मरतात तीसुद्धा पुष्कळ, फक्त ती कशानं मेली हे कुणी पाहत नाही. पण भाऊच्या तोंडावर मला ते नीट सांगता आलं नाही. त्याच्या प्रश्नांपुढे माझी नागपूरची विद्या नेहमीच तोकडी पडायची.

मी गोंदियाला जाऊन ढोरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. पांढरी पूड होती, पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजायची. डॉक्टर पुडी बांधता बांधता म्हणाला, "इससे कीड़ा तो मर जाएगा, भैया. लेकिन जानवर को दाना खिलाओ, खली खिलाओ. खाली तनिस पे मत रखो." मी हो हो म्हणालो. औषध पाजलं आणि खरंच सूज उतरली. शेण बांधून आलं. सुटी संपवून मी निघालो तेव्हा दूधही थोडं वाढलं होतं आणि बाईनं मला स्टेशनावर न्यायला दह्याचा गडू बांधून दिला होता. त्या दिवशी मी फार खूश होतो. आपण शिकलो त्याचा घराला उपयोग झाला, असं मला आयुष्यात त्या एकाच प्रवासात वाटलं.

नागपूरला माझं काम सुरूच होतं. कत्तलखान्यातून यकृतं आणायची, पित्ताच्या नळ्या चिरून जिवंत किडे काढायचे, कोमट मिठाच्या पाण्यात धुवायचे. काही किडे वाटून त्यांचा अर्क काढायचा. काही तसेच पाण्यात ठेवायचे आणि त्या पाण्यात काय उतरतं ते पाहायचं. मग अर्काचा आणि पाण्याचा एकेक थेंब गाळण कागदाच्या कडेला लावायचा आणि कागद मोठ्या काचेच्या बरणीत बुटानॉलमध्ये टांगायचा. बुटानॉलच्या वासानं मला आजही मळमळतं. कागद वाळला की त्यावर निनहायड्रिन फवारायचं आणि भट्टीत धरायचं, की एकेका अमिनो आम्लाचा डाग उमटायचा. बहुतेक जांभळे, एक पिवळा. सरांचा प्रश्न एकच होता. यातलं किडा स्वतः काय बनवतो आणि जनावराकडून आयतं काय घेतो?

जसजसे कागद वाळत गेले तसतसं मला दिसत गेलं की हा प्राणी स्वतः फारसं काही बनवण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हशीच्या रक्ताची प्रथिनं फोडायची आणि तुकडे गिळायचे. म्हशीच्या रक्तातलं प्रथिन कमी झालं की रक्तातलं पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, ते बाहेर झिरपतं आणि जबड्याखाली साचतं. ती पिशवी म्हणजे हेच. आणि तणसीत प्रथिन जवळजवळ नाहीच. म्हणजे औषधानं किडे मेले तरी त्यांनी नेलेलं भरून कशातून निघणार? काठच्या गवतात निदान तेवढं तरी होतं. ते मी बंद करवलं होतं. दुसरा इलाजही नव्हता. दोन्हीकडून म्हैसच मरत होती, आणि हे मला नागपूरच्या प्रयोगशाळेत, हातात ओला कागद धरून उमगलं.

नाताळच्या सुटीत घरी गेलो तर सूज परत आलेली. बाई गवत कापून आणायची, पण ते ओलं घालायची नाही. घराच्या कवेलूंवर पसरून कडकडीत वाळवायची आणि मग द्यायची. वाळवून वाळवून त्याचा भुगा व्हायचा. रतीबाचे पैसे येत होते तोवर ती त्यातून जवसाची ढेप, म्हणजे पेंड, आणत होती. दूध कमी झालं, ढेप कमी झाली. ढेप कमी झाली म्हणून दूध आणखी कमी झालं. मी भाऊकडे ढेप मागितली. त्याची मळणी सुरू होती.

"ढेप बैलायची हाय," तो म्हणाला. "बैल पडले त घरात सगळेच उपाशी राह्यतीन. तू शिकलास ना? मंग सांग, मी कोनाच्या तोंडचं काढू?"

त्याचं खरं होतं. मला त्याचा संताप आला तो त्याचं खरं होतं म्हणूनच. मी स्वतः नागपूरला एका वेळच्या खानावळीवर राहत होतो, माझ्याकडून काही निघण्यासारखं नव्हतं. आता सगळी आशा लाखोळीवर होती. धानाच्या ओलीवर, धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी फेकतात, ती माघ-फागणात हाती येते. ते कडधान्य आहे, त्याच्या भुशात, चुनीत सगळं आहे. बाई रोज बांधीत जाऊन लाखोळी किती वर आली ते बघून यायची. "लाखोरी येवोस्तोवर ठेवतो मी तिले," असं मला म्हणायची, जणू कुणी तिच्याशी पैज लावली होती.

त्याच सुटीत एकदा बाई दूध घालायला गेली असताना मायनं म्हशीला ओलं गवत घातलं. म्हैस मान खाली घालून उभी होती, वाळलेल्या भुग्याला तोंड लावत नव्हती, मायला ते बघवेना. मी तळ्यावरून आलो तोवर निम्मा भारा संपला होता आणि माय तिच्या कपाळावर हात फिरवत होती. "खाल्लं पाय कसं," ती मला म्हणाली, "आजाऱ्याले वलंच लागते." बाई आली, तिनं पाहिलं. उरलेलं गवत गोळा केलं आणि नेऊन टाकलं. त्या गवतानं म्हैस मेली असं मी म्हणणार नाही. तिचं यकृत तोवर पुरतं खलास झालं असणार. पण ती इतक्या चवीनं खात होती याचं मला अजून वाईट वाटतं.

माघात गावचा एक जण नागपूरला आला होता, त्यानं निरोप दिला की बाईची म्हैस बसली. बसली म्हणजे आता उठत नाही. मी सरांना सांगून निघालो. निघताना प्रयोगशाळेतला थर्मास पिशवीत टाकला. गोंदियाला गाडी बदलून छोट्या लायनीनं घरी पोचेपर्यंत माझी पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो.

म्हशीच्या पोटाखालून बांबू घालून, दोर लावून माणसं तिला उभी करत होती आणि ती पुन्हा कोसळत होती. लाखोळी निळ्या फुलावर आली होती, दाणा धरायला अजून अवकाश होता. दुपारी भाऊ स्वतः बांधीत गेला आणि कवळाभर, कवेत मावेल तेवढी हिरवी लाखोळी, फुलांसकट, उपटून घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्यानं ती बाईच्या समोर ठेवली. बाई मांडीवर म्हशीचं डोकं घेऊन बसली होती. तिनं एक मूठ म्हशीच्या तोंडात सारली. म्हशीनं ती चावली नाही. लाखोळी तोंडातच राहिली आणि दिवस कलायच्या आत म्हैस मेली.

कातडं काढणारे आले तेव्हा मी त्यांच्याकडून यकृत मागून घेतलं. माझं काम होतं ते. किडे वाडग्यात कोमट पाण्यात सोडले तर ते हलायला लागले, औषधातून वाचलेले आणि नंतर वाढलेले. मागे बाई येऊन उभी राहिली. "दाखव," म्हणाली.

मी वाडगं तिच्यापुढे केलं. ती वाकून बघत राहिली. पिंपळाच्या सुकल्या पानाच्या रंगाचे, चपटे, आळसावलेले किडे. तिला शिसारी येईल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा नुसता दमलेला होता.

"हे आपलं आपून कायी बनवते का नाई?"

"फार थोडं. बहुतेक आयतंच घेतात."

"म्हून जगून राह्यले," ती म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली. तिनं त्या किड्यांना हात लावला नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊ छपरीत बसला आणि त्यानं दरेकशाचं बोलणं काढलं. तो हळू आवाजात बोलत होता. मी म्हणालो, लाखोळी निघाली की दुसरी वगार बघू, थोडी थोडी करून वाढवेल ती. भाऊनं मान हलवली. "तिले ढोर ठेवनं जमत नाई बाबू. तूच त सांगतलास. तिनंच आपल्या हातानं किडे चारले."

"मी असं म्हटलं नाही." माझा आवाज चढला. "सगळं गाव चारतं असं म्हटलं मी. तू स्वतः चारतोस."

"माहे बैल त उभे हायेत."

मी उठलो. मी त्याला काय बोलणार होतो मला माहीत नाही, कदाचित अंगावरही गेलो असतो. आतून बाईचा आवाज आला. "भांडू नोका. दरेकशाच्या लोकायले हो म्हून सांगा." मायनं डोळ्याला पदर लावला. जिंकल्याचा आनंद भाऊच्या तोंडावर नव्हता, तेवढं मी त्याच्या बाजूनं सांगीन.

मी थर्मास घेऊन नागपूरला गेलो. गाडीत पाणी थंड होऊ नये म्हणून शालीत गुंडाळला होता. ते किडे जिवंत पोचले. त्यांना ज्या पाण्यात ठेवलं होतं त्या पाण्याचा कागद मी चालवला आणि माझ्या हातून तोवर निघाला नव्हता इतका स्वच्छ कागद निघाला. डाग सुटे सुटे, ठळक. पिवळा तर असा उमटला की सर खुर्चीतून उठून आले. म्हणजे घेतलेलं सगळं हा किडा वापरतही नाही, पुष्कळसं तसंच बाहेर टाकून देतो, असं ते म्हणाले, आणि फार खूश झाले. बाई ज्यासाठी वर्षभर झिजली ते यांनी पाण्यात टाकून दिलं होतं. मला तो कागद टराटरा फाडावासा वाटला. मी तो प्रबंधात लावला.

पाट फागणाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात लागला. पाटाला वाजंत्री नसते, गर्दी नसते, पहिल्या लग्नासारखं कुणी नवरीला मिरवत नाही. माझी परीक्षा होती. मी गेलो नाही.

गेलो ते उन्हाळ्यात. दरेकशाला उतरून डोंगराच्या अंगानं बरंच चालावं लागलं. घर मोठं होतं, गोठा त्याहून मोठा, म्हशी धष्टपुष्ट, त्यांच्या अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक. बाईचा नवरा माझ्याशी फार अदबीनं बोलला आणि खाट टाकून दिली. बाईच्या अंगावर चांगलं लुगडं होतं. ती गोठ्यात धार काढत होती, घरातल्या सगळ्या म्हशींची धार तीच काढायची असं तिचा नवरा कौतुकानं म्हणाला. ती फेसानं भरलेली चरवी घेऊन आली, माझ्याजवळ खाली टेकली, मायची, भाऊची, वहिनीच्या पोराची विचारपूस केली. माझ्या परीक्षेचं विचारलं. मी पास झालो म्हटल्यावर हसली.

"चालून आलास, तोंड सुकलं तुहं," ती म्हणाली. "दूध घेतोस ना?"

मी हो म्हणालो. चरवी आमच्या दोघांच्या मध्येच होती, पेलाही तिच्या हाताशी होता. ती उठली आणि तिनं पदर सावरला.

"थांब, विचारून येतो," म्हणाली, आणि वयानं तिच्यापेक्षा मोठ्या असलेल्या सुनेला विचारायला आत गेली.